बारा पन्नासचं हवामान

“हसू नकोस, पण हसणाऱ्या माणसासारखं वाच,” देवस्थळी साहेब म्हणाले. “ओठ जरासे ताणले की आवाज आपोआप उजळतो. करून बघ.”

मी ओठ ताणले. काचेपलीकडे बसलेल्या तोरसकरने, म्हणजे आमच्या इंजिनीअरने, माझा चेहरा बघितला आणि खुर्ची फिरवून पाठ केली. हसत असणार.

सत्त्याऐंशी सालचा मार्च. शिमगा होऊन चार दिवस झाले होते. जिल्ह्याच्या गावी असलेल्या लहानशा रेडिओ केंद्रावर मी नैमित्तिक निवेदिका होते, म्हणजे बोलावलं तर यायचं आणि नाही बोलावलं तर घरी सुकट निवडायची. दुपारी बारा पन्नासला समुद्राचं हवामान वाचणं हे माझं नेहमीचं काम. मुंबईच्या वेधशाळेतून फोनवर मजकूर यायचा, तो मी भराभर उतरवून घ्यायची आणि दीड मिनिटात वाचून मोकळी व्हायची. त्या दिवशी मात्र मुंबईहून एक मोठे साहेब आले होते. आवाज ऐकून निवेदकाची एक जागा कायम करायची होती आणि देवस्थळी साहेबांनी त्यांना मुद्दाम बारा पन्नासलाच स्टुडिओबाहेर आणून बसवलं होतं.

माझ्या आवाजाची एक भानगड आधीच होऊन गेली होती. फेब्रुवारीत मला सणसणीत सर्दी झाली. कागदावर लिहिलं होतं, समुद्र शांत राहील. मी नाक चोंदलेल्या अवस्थेत तेच वाचलं. पण आमच्या कातळवाडीतून दोन दिवस होडी समुद्रात गेली नाही. रविवारी घरी गेले तेव्हा दिगू, माझा थोरला भाऊ, जाळं विणत ओसरीवर बसला होता.

“दिगू, दोन दिवस होड्या बंद. वाडीत कोण गेलं की काय?”

“कोण जातला? तूच आमका घरात बसवलंस,” तो म्हणाला. “आये म्हणता, कुंदाचो आवाज जड लागता. दर्यो वायट असतलो.”

“अरे, मी शांत समुद्र म्हणून वाचलं. शब्द ऐकायचे की नाही?”

आये चुलीजवळून म्हणाली, “शब्द तू कागदावरचे वाचतंस. आवाज तुझो असता.”

वाडीतून खोल समुद्रात जाणाऱ्या तेव्हा दोनच होड्या उरल्या होत्या. एक आमची, बाबा आणि दिगूची. दुसरी शेजारच्या भिकाजीकाकांची. बाकी सगळे किनाऱ्यावरून रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढायचे. या दोन होड्यांनी जायचं की नाही हे ठरायचं आमच्या अंगणात. बारा पन्नासला वाडीतल्या बायका तिथे जमत. वाडीत रेडिओ फक्त आमच्याकडे, मी पहिल्या पगारातून आणलेला. पहिल्या रांगेत आये, तिला खेटून भिकाजीकाकांची बायको यसूकाकी. वेग, दिशा, पट्टा, तुरळक ठिकाणी, यातलं त्यांना काही कळत नसे आणि कळून घ्यायचीही गरज वाटत नसे. माझा आवाज ऐकायचा आणि पुरुषांना सांगायचं, जावा नाहीतर नको जावा.

“सगळ्या जगाचो रेडिओ बोलता,” यसूकाकी मला म्हणायची, “पण आमचो रेडिओ आमचाच चेडू बोलता. आमका कोण फशयतलो?”

चेडू म्हणजे मुलगी, वाडीची मुलगी. आणि आये हसत म्हणायची, “ता लहान असताना कायतरी सांडला-मोडला काय इतक्या गोड बोलायचा, विचारू नको. दोन कोसावरसून माका कळा.” बायका खिदळायच्या. मलाही त्यात आयेचं कौतुकच ऐकू यायचं.

फेब्रुवारीतल्या सर्दीनंतर मच्छीमार सोसायटीचं एक पोस्टकार्ड केंद्रावर आलं: निवेदिकेने प्रसन्नपणे वाचावे, विनाकारण घबराट होते. देवस्थळी साहेबांनी ते आपल्या टेबलाच्या काचेखाली लावलं आणि माझी शिकवणी सुरू केली. रोज अर्धा तास. स्वर समतोल, श्वास पोटातून, शेवटचा शब्द खाली पाडायचा नाही. “हवामान म्हणजे श्रद्धांजली नव्हे,” हे त्यांचं आवडतं वाक्य. चिडायचे, पण शिकवायचे मनापासून. माझी जागा कायम व्हावी ही त्यांचीही इच्छा होती.

तर त्या दिवशी साडेबाराला फोन आला. गेले दहा दिवस हवेचा काही भरवसा नव्हता. सकाळी धुकं, दहाला ऊन चटचटतंय, दुपारी मळभ, संध्याकाळी चार थेंब. बायका सुकत टाकलेली मासळी दिवसातून तीनदा आत-बाहेर करत होत्या. त्यामुळे कागदावर दहा दिवस तेच वाक्य येत होतं, मच्छीमारांना सावधगिरीचा इशारा देण्यात येत आहे. मी ते दहा दिवस वाचत होते आणि दहा दिवस काहीही झालं नव्हतं.

त्या दिवशीही तेच वाक्य होतं. पण त्याच्या आधी आणखी एक होतं. दुपारनंतर पश्चिमेकडून अचानक जोराचा वारा सुटण्याची शक्यता, वेग ताशी पंचावन्न ते पासष्ट किलोमीटर. फोनवरच्या माणसाने पासष्ट हा आकडा दोनदा सांगितला. मी दोनदा लिहिला, एकदा खोडला. लिहिताना मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी तेव्हा ओठ ताणून बसले होते.

लाल दिवा लागला. मी वाचलं.

मी आयुष्यात इतकं चांगलं कधी वाचलं नव्हतं. पासष्ट हा शब्द मी असा उचलला आणि असा अलगद ठेवला, की काचेपलीकडे देवस्थळी साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. दिवा विझला. मुंबईचे साहेब आत आले, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाले, “बोली कुठेच डोकावत नाही, छान.” देवस्थळी साहेबांनी चहा मागवला, स्वतःच्या खर्चाने. हे केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदा घडत होतं.

चहाचा कप घेऊन मी तोरसकरजवळ उभी राहिले. तो टेपचं भेंडोळं गुंडाळत होता.

“कुंदाताई, आज काय वाचलंत,” तो म्हणाला. “ऐकून वाटलं, ड्युटी सोडावी आणि होडी घेऊन जरा फिरून यावं.”

मी हसले. कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

घड्याळात एक वाजून सात मिनिटं झाली होती. आमच्या होड्या तीनच्या सुमारास निघायच्या. पाणी ओसरायला लागलं की त्याच्याबरोबर बाहेर पडायचं, रात्रभर जाळं टाकायचं आणि सकाळी परतायचं. म्हणजे हाताशी दोन तास होते. कातळवाडी तिथून पस्तीस किलोमीटर. बारा पन्नासला अंगणात माझा आवाज गेला होता, उजळलेला, हसणाऱ्या माणसाचा. त्यावरून बायकांनी काय ठरवलं असेल हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

“फोन करायचाय,” मी म्हटलं.

वाडीत फोन एकच होता, सोसायटीच्या बर्फाच्या डेपोत. एक्स्चेंजमधून नंबर मागावा लागायचा. मी मागितला. ऑपरेटर बाई जांभई देत म्हणाली, “घंटा जातेय, उचलत नाही कुणी.”

“परत लावा.”

“जेवायला गेले असतील, बाई. दीडला लावू?”

दीडला लावला. घंटा जात होती. पावणेदोनला लावला. तोपर्यंत मी रिसीव्हरची वायर बोटाला इतकी गुंडाळली होती की बोट निळं पडलं. बाहेर गुलमोहराच्या झाडाखाली ऊन होतं, स्वच्छ, कडक, आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता. हे बरं चिन्ह की वाईट, तेही मला कळेना. बाबांना कळलं असतं. पण बाबा स्वतःचं डोकं वापरणं कधीच सोडून बसले होते, त्यांची मुलगी रेडिओवर होती ना!

मी देवस्थळी साहेबांच्या खोलीत शिरले. मोठे साहेब विश्रामगृहात झोपायला गेले होते.

“सर, हवामान परत वाचायचंय.”

“नवीन आलं?”

“नाही. तेच.”

“तेच परत कसं वाचणार? आणि कशासाठी? उत्तम झालंय की.”

“म्हणूनच,” मी म्हटलं आणि सांगायला लागले. माझी आये, यसूकाकी, अंगण, सर्दी, होड्या. सांगता सांगता मला माझंच बोलणं खुळचट वाटायला लागलं. देवस्थळी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“म्हणजे लोक शब्द ऐकतच नाहीत?”

“नाहीत, सर.”

“जाऊ नका असा अर्थ निघतो त्यातून. पासष्ट म्हणजे काय खायची गोष्ट आहे?”

“त्यांना पासष्ट कळत नाही. त्यांना मी कळते.”

त्यांनी काचेखालच्या पोस्टकार्डाकडे बघितलं. मग कपाटातून नियमांची जाड फाइल काढली आणि पानं उलटू लागले. मी घड्याळाकडे बघत होते. एक त्रेपन्न. एक पंचावन्न. मला ती फाइल हिसकावून खिडकीबाहेर टाकावीशी वाटली.

“परत वाचू नये असं कुठे लिहिलेलं नाही,” शेवटी ते म्हणाले. “दोनच्या बातम्या संपल्या की गाणी सुरू व्हायच्या आधी एक मिनिट मोकळं असतं. वाच. पण कागदावरचे शब्द, एकही जास्त नाही.”

दोनची गाणी. माझ्या जिवात जीव आला. दोनची गाणी वाडी चुकवत नसे. बारा पन्नासला लावलेला रेडिओ आये बंदच करायची नाही, दोनची गाणी होईपर्यंत बायका अंगणातच बसून मासळी निवडायच्या. म्हणजे ऐकणारच.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाल दिवा लागला. या वेळी मला ओठ ताणायची किंवा न ताणायची काही आठवणच राहिली नाही. मी पहिलं वाक्य वाचलं. पासष्टपाशी माझा आवाज चिरकला. मच्छीमारांना म्हणताना श्वास पुरला नाही, आणि शेवटचा शब्द जो पडला तो उचललाच नाही. तोरसकर काचेतून माझ्याकडे बघत होता आणि हसत नव्हता. देवस्थळी साहेब दारात उभे होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “अडीचची एसटी मिळेल का?”

मिळाली.

पस्तीस किलोमीटरला दोन तास लागायचे, कारण रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालून जायचा. मी खिडकीशी बसले. पहिला तासभर काहीच झालं नाही. काजूला मोहोर होता, लोक घराच्या सावलीत आडवे झाले होते, एक म्हातारी रस्त्यावर पसरलेल्या मिरच्या पायाने सारखी करत होती. मी स्वतःला समजावत होते. ऐकलं असेल. ऐकलंच असेल. आणि नसेल ऐकलं, तर वारा येणार नाही. गेले दहा दिवस कुठे आला?

साडेतीनच्या सुमारास एका वळणावर समुद्र दिसला आणि त्याच्या वर काळी पट्टी दिसली. अगदी खाली, पाण्याला टेकलेली. मघाची म्हातारी मागे राहिली होती, पण पुढच्या गावात बायका वाळत घातलेलं सगळं भराभर गोळा करत होत्या. रस्त्यावरची धूळ, जी इतका वेळ आमच्याबरोबर चालली होती, ती अचानक उलटी फिरली आणि समुद्राकडून डोंगराकडे जायला लागली. कंडक्टरने खिडक्या लावायला सांगितल्या. मी माझी लावली नाही. माझ्या शेजारच्या बाईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

साडेचारला फाट्यावर उतरले तेव्हा पहिले थेंब पडत होते, जाड आणि थंड. मी धावत सुटले. घराकडे वळलेच नाही, सरळ किनाऱ्यावर गेले. वारा इतका होता की वाळू पायाला टोचत होती.

आमची होडी वाळूवर होती. वर ओढलेली, झावळ्यांनी झाकलेली. शेजारी बाबा उकिडवे बसून दोर बांधत होते आणि दिगू दुसऱ्या टोकाला उभा होता. मी तिथेच वाळूत बसले आणि रडले. लाज वाटली नाही. ऐकलं, त्यांनी ऐकलं, एवढंच मनात.

“गो, तू हय खय?” दिगू म्हणाला.

“तू गेला नाहीस,” मी म्हटलं.

“आये जावक देवक नाय. म्हणता, तुका ताप इलोहा.” त्याने कपाळाला हात लावून बघितला. “माका काय ताप लागना नाय.”

मला हसू आलं. आणि मग दिसलं, की आमच्या होडीच्या बाजूला जिथे भिकाजीकाकांची होडी असते तिथे वाळूत नुसता चर होता. पाण्यापर्यंत गेलेला. त्यात पावसाचं पाणी साठायला लागलं होतं. चराच्या टोकाशी यसूकाकी उभी होती, डोक्यावर काही न घेता, हातात एक कागदी पुडी घट्ट धरून.

“कधी गेले?” मी बाबांना विचारलं.

“पावणेतीनाक,” बाबा म्हणाले, आणि दोराची गाठ परत सोडून परत बांधायला लागले.

“पण मी दोनला परत वाचलं. दोनच्या गाण्यांच्या आधी.”

“रेडिओ बंद होतो,” बाबा म्हणाले.

बाकीचं लांबवून सांगण्यासारखं नाही. रात्री वारा पडला. सकाळी समुद्र इतका निवळ होता की चीड यावी. होडी शेजारच्या गावच्या खडकांत उलटी सापडली. काकांबरोबर गेलेला त्यांचा पुतण्या सुभाष पोहून किनाऱ्याला लागला, पायाचं हाड मोडलेलं. काका सापडले तिसऱ्या दिवशी.

तेराव्याला मी यसूकाकीपुढे जाऊन बसले. तीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “तू त्या दिवशी बरा वाचलंस हां. माझो घोव म्हणालो, आज कुंदाचो आवाज बग कसो मोकळो झालोहा. हसतच होडयेकडे गेलो. माका तेवढाच बरा वाटता.”

पुढच्या महिन्यात माझी जागा कायम झाली. मी ती घेतली. तीस वर्षं वाचत राहिले, आणि ओठ परत कधी ताणले नाहीत. देवस्थळी साहेब निवृत्त होईपर्यंत त्यांनीही मला कधी त्याची आठवण करून दिली नाही. ते पोस्टकार्ड मात्र त्यांनी काचेखालून काढून टाकलं होतं.

मला वाटायचं, एकीकडे आमचं नशीब, एकीकडे त्यांचं. दिगूला ताप आल्यासारखं आयेला वाटलं, आमची होडी राहिली. रेडिओ नेमका बंद होता, काकांची गेली. कितीदा तरी मी ही जुळणी मनात केली. नशिबाला दोष देणं सोपं जातं, त्यात स्वतःलाही थोडा देता येतो.

अकरा वर्षांनी आये अंथरुणाला खिळली. मी रजा काढून घरी राहिले होते. एका दुपारी तिचे पाय चोळत होते. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता, दुसरीच कोणी मुलगी हवामान वाचत होती.

“ह्या चेडू बरा वाचता,” आये म्हणाली. “खरा वाचता.”

“खरं म्हणजे?”

ती वर बघत राहिली. मग म्हणाली, “तू त्या दिवशी गोड वाचललंस.”

माझे हात थांबले.

“माका पयल्याच शब्दाक कळला,” ती म्हणाली. “लहानपणी कायतरी मोडून येयस तेव्हा तसा बोलायचंस. ह्या काय लपयता? दर्यात कायतरी असा. म्हणान दिगूक घरात ठेवलंय.”

“ताप आलाय म्हणून?”

“मग काय सांगा?”

“आये, यसूकाकी तुझ्या शेजारी बसली होती.”

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणाली, “चार बायकांत काय सांगू? माझा चेडू रेडिओवर खोटा बोलता म्हणान सांगू? सगळी वाडी तुझ्या आवाजार चलत होती. तुझी नोकरी. म्हटलंय, भिकाजी काय खुळो नाय, दिगू नाय गेलो बगान तो पण जावचो नाय. आणि रेडिओ बंद केलंय. तुझो तो आवाज माका ऐकवना नाय.”

तिचे पाय माझ्या मांडीवर होते. मी ते खाली ठेवले नाहीत, एवढंच त्या वेळी मला जमलं. त्याच महिन्यात ती गेली.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी यसूकाकीकडे गेले. मनाशी ठरवून गेले होते, आज हिला सांगायचं. ती पडवीत बसून रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होती, हात कोपरापर्यंत लाल. मी शेजारी बसले आणि मीही एक हातात घेतला. सांगितलं सगळं. ओठ ताणायचं सांगितलं, पासष्ट सांगितलं, दोनचं परत वाचलेलं सांगितलं. आये काय म्हणाली तेही सांगितलं. यसूकाकीने फोडणं थांबवलं नाही. एक रतांबा, दोन, तीन. साली एका सुपात, गर एका टोपात.

सगळं संपल्यावर ती म्हणाली, “तरीच.”

“काय तरीच?”

“तुझ्या आयेन त्या दिवशी रेडिओ कटकन बंद केल्यान. दोनच्या गाण्यांक ठेवूक नाय. माका वाटला, सेल संपत इले. विचारूचा कसा? बिचारी लाजतली. म्हणान मी उठलंय आणि वरच्या वाडीच्या दुकानार गेलंय.”

ती उठली. हात धुतले नाहीत, कोपराने दार ढकलून आत गेली. फडताळातून एक पत्र्याचा डबा घेऊन आली, बिस्किटांचा, गंजलेला. त्यात तांब्याची अंगठी होती, काकांचा चष्मा होता आणि एक कागदी पुडी होती. ती पुडी मी ओळखली. तिने ती माझ्या हातात दिली. आत दोन सेल होते. फुटून त्यांच्या अंगाला पांढरी पूड आली होती.

“तुझ्या आयेक म्हणान आणललंय,” ती म्हणाली. “येईपर्यंत होडी गेल्ली. वरसून माका तिचा शीड तेवढा दिसला. मग त्या गडबडीत देवचे रवले.”

ती परत बसली. पुढचा रतांबा उचलला, तो फोडला नाही, नुसता हातात धरला.

“ठेव तू आता,” ती म्हणाली. “माझ्याकडे रेडिओ खय असा?”

मी सेल परत कागदात गुंडाळले. पूड बोटांना लागली होती, ती पदराला पुसली. मी उठले. पायरीवर वळून म्हटलं, “येतंय गो काकी. उद्या परत येतंय. तू जेवान घे.” आणि माझा आवाज माझ्याच कानावर आला. फार गोड होता.